शेवटपर्यंत खेळलेले गेम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात या सदरातून वाचकांना अशी विनंती केली होती की, अलीकडे आपण जो व्हिडिओ गेम अगदी शेवटपर्यंत खेळलात त्याविषयी आपले मत आणि त्यातून उरलेला एखादा प्रश्न आम्हांला लिहून पाठवावा. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून, विशेषतः लष्कर आणि मुरार भागांतून, अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. त्यांतील पुष्कळ पत्रांत गेमची कथा पहिल्यापासून अखेरपर्यंत सांगितलेली होती. ती पत्रे आम्ही बाजूला ठेवली, कारण कथासार कोठेही वाचायला मिळते आणि ज्याला पुढे तो गेम खेळायचा आहे त्याचा त्यामुळे विरस होतो. गेममधील कथा खेळणाऱ्याच्या हातून घडत असल्यामुळे त्या हाताला काय करावे लागले, तो कोठे अडला आणि शेवटी पोहोचल्यावर मनात काय उरले, हे ज्यांनी लिहिले त्यांच्या पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने केलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम मी दिवाळीच्या सुट्टीत संपवला. महाल, बारवा आणि भिंतींवरची चित्रे पाहून फार आनंद झाला, परंतु शेवट इतका अचानक आला की, पुढचा भाग डाउनलोड व्हायचा राहिला असावा अशी शंका मला आली. मित्रांमध्ये तसे बोललो, तेव्हा आपल्या लोकांनी केलेल्या गेमला नावे ठेवू नयेत असे मला ऐकवण्यात आले. आपल्याकडच्या गेमकडे सवलतीने पाहावे काय? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मुरार)

उत्तर : सवलतीने पाहू नये. ज्या कामाला आपण सवलत देतो ते काम आपण मनातून दुय्यम ठरवलेले असते, आणि ‘राजी’ तसा गेम नाही. तो २०२० साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. त्या यादीत असलेल्या इतर गेमना जे निकष लागले तेच यालाही लागले असणार, मग घरच्या वाचकाने ते सैल करण्याचे कारण काय?

सर्कशीत कसरती करणारी राजी ही मुलगी राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघते, एवढी कथा येथे पुरे. आपल्या पत्रातील सर्वांत चांगला भाग लढाईविषयीचा आहे. खांबाभोवती गिरकी घेऊन किंवा भिंतीवर धावत जाऊन उलटी उडी मारून शत्रूंवर झेप घेता येते हे कळल्यापासून, कोणत्याही नव्या चौकात शिरताना शत्रू किती आहेत यापेक्षा खांब कोठे आहेत हे आपण आधी पाहू लागलात, असे आपण लिहिले आहे. दुर्गेने दिलेले त्रिशूळ कोणत्याही नायकाच्या हाती शोभले असते. खांबाची गिरकी मात्र सर्कशीत वाढलेल्या मुलीलाच सुचावी, आणि तिचा तो पेशा काही वेळाने खेळणाऱ्याच्या बोटांत उतरावा, ही या गेमची खरी कमाई आहे.

आता दोषांविषयी. कॅमेरा आपल्या ताब्यात नसतो, गेमने ठरवलेल्या जागेवरून तो दृश्य दाखवत राहतो. त्यामुळे महालांची भव्यता डोळ्यांत भरते हे खरे, पण त्याच कारणाने दोन कठड्यांमधले अंतर नेमके किती आहे याचा अंदाज चुकतो आणि बिनचूक वाटलेली उडी दरीत जाते. किल्ल्यावरील मानमंदिराच्या भिंतींवर निळ्या टाइलांतले हत्ती आणि हंस लहानपणापासून पाहत आलेल्या ग्वाल्हेरकराला ‘राजी’तील राजस्थानी वळणाचे महाल परके वाटत नाहीत, आणि म्हणूनच कदाचित तो चित्रासमोर थोडा अधिक रेंगाळतो. रेंगाळण्याचा मोबदलाही येथे मिळतो, कारण राजी भित्तिचित्राजवळ उभी राहिली की दुर्गा आणि विष्णू त्या चित्रातील प्रसंग आपापसांत बोलून दाखवतात.

शेवटाबद्दल अनेक समीक्षकांनीही आपल्यासारखीच तक्रार केली होती. महाबलासुराशी होणारी लढत आटोपते आणि कथेने उभे केलेले बरेचसे प्रश्न तसेच राहतात. मित्रांना पुन्हा सांगताना नुसते ‘शेवट फसला’ असे म्हणू नका. कोणता प्रश्न सुटायला हवा होता आणि सुटला नाही, ते सांगा. एवढ्या नेमकेपणाने केलेली तक्रार पुढचा गेम करणाऱ्याच्या उपयोगी पडते. जाता जाता एक सूचना : नंतर आलेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची सोय आहे. घरातील वडीलधाऱ्यांना गेम दाखवायचा असेल, तर ती आवृत्ती घ्यावी.

प्रश्न : बंगळुरूहून सुट्टीला आलेल्या नातीने मला ‘वेंबा’ नावाचा गेम खेळायला बसवले. तमिळ कुटुंब, परदेश आणि स्वयंपाक असा त्याचा विषय आहे, आणि एका बैठकीत तो संपलाही. त्यात गुण मिळत नाहीत, कोणी हरत नाही, इडली बिघडली तर पुन्हा करू देतात. मग याला गेम का म्हणावे, असे मी नातीला विचारले, तर तिने आपल्याला विचारायला सांगितले. दुसरे असे की, त्यातील मुलगा आईला इंग्रजीत उत्तरे देतो. आमच्या घरी मी मराठीत बोलते आणि नात हिंदीत उत्तर देते. खेळताना आम्ही दोघी याविषयी काहीच बोललो नाही. (निवृत्त शिक्षिका, जनकगंज)

उत्तर : आपण पहिल्यांदाच गेम खेळलात आणि तोही शेवटापर्यंत नेलात, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. टोरांटोच्या व्हिसाई गेम्सने २०२३ च्या जुलैअखेर प्रसिद्ध केलेला हा गेम १९८० च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडात गेलेल्या वेंबा, पावलन आणि त्यांचा मुलगा कविन यांच्याविषयी आहे. वेंबाजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे, आणि ती ठिकठिकाणी फाटलेली व डागाळलेली आहे. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, पुट्टूच्या नळीत काय आधी आणि काय नंतर भरायचे, हे उरलेल्या ओळींवरून आणि थोड्या व्यवहारज्ञानावरून आपण ठरवायचे असते.

गुण आणि हार-जीत नसली तरी त्यात गेम कोठे आहे, हे आपल्याच पत्रात सापडते. पहिल्या खेपेला इडल्या बिघडल्यावर, वाफ वरच्या ताटलीपर्यंत जाणार कशी, असा विचार करून आपण ताटल्यांची रचना बदललीत आणि नातीने काही सांगायच्या आत इडल्या नीट झाल्या, असे आपण लिहिले आहे. स्वयंपाकाचे बहुतेक गेम घड्याळ लावून खेळणाऱ्याची धांदल उडवतात. येथे घड्याळ मुद्दाम काढून टाकले आहे, त्यामुळे हातांऐवजी तर्क पणाला लागतो, आणि जिने आयुष्यभर स्वयंपाक केला आहे तिला नातीपेक्षा चार पावले पुढे राहता येते. असा गेम आमच्या पाहण्यात दुसरा नाही. पार्श्वभूमीला रेडिओवर लागणारी गाणी प्रत्येक काळातील तमिळ चित्रपटसंगीताच्या धाटणीने नव्याने रचलेली आहेत, हेही नातीला सांगावे. त्या पिढीच्या कानांना तो फरक सहसा कळत नाही.

आपल्या पत्राचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कविन शाळेत केविन म्हणवून घेऊ लागतो तोपर्यंत आपण वेंबाच्या बाजूने खेळत असतो, म्हणून त्याचे इंग्रजी उत्तर आपल्याला लागते. पुढे एका प्रकरणात मात्र मोठा झालेला कविनच आपल्या हाती येतो. आजीची तीच वही समोर असते, आणि जी पाने इतका वेळ आपण सहज वाचत होतो त्यांच्यावर तो अडखळतो, कारण त्याचे तमिळ कच्चे आहे. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत पणजोबांच्या हातचे मोडी कागद ट्रंकेत असतात आणि ते वाचू शकणारे घरात कोणी नसते, तशीच त्याची अवस्था होते. आईविषयीचे प्रेम कमी झाले म्हणून तो अडखळतो असे गेम कोठेही सुचवत नाही. आपण आणि नात खेळताना बोलला नाहीत, यात काही वावगे नाही. पण त्या प्रकरणाच्या वेळी माउस कोणाच्या हाती होता हे आपण लिहिलेले नाही. तो आपल्या हाती असेल, तर पुढच्या सुट्टीत ते प्रकरण नातीला खेळू द्यावे, आणि तिच्या हाती असेल तर आपण खेळून पाहावे.

प्रश्न : माझ्या दहावीतल्या मुलाने ‘सेलेस्ट’ नावाचा गेम संपवला, पण असिस्ट मोड चालू करून. त्याच्या मित्रांचे म्हणणे असे की, हे संपवणे नव्हे. त्या दिवसापासून तो गप्प आहे. मला गेममधले काही कळत नाही, परंतु त्याला काय सांगावे? (एक आई, शिंदे की छावणी)

उत्तर : ‘सेलेस्ट’ हा २०१८ च्या जानेवारीत आलेला गेम मॅडलिन नावाच्या तरुणीच्या गिर्यारोहणाचा आहे, आणि तो अतिशय कठीण आहे. उडी मारणे, कड्याला धरून राहणे आणि हवेत एकदा झेपावणे एवढ्या तीनच गोष्टींवर तो सगळा उभा आहे. धरून राहण्याची ताकद मर्यादित असते, आणि खाली पडले की त्याच पडद्याच्या सुरुवातीला क्षणार्धात परत आणून सोडले जाते, त्यामुळे अपयशाचे दुःख करायलाही वेळ मिळत नाही. असिस्ट मोड ही बाहेरून आणलेली युक्ती नव्हे. गेम करणाऱ्यांनीच ती सोय त्यात ठेवली आहे. गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करता येतो, ताकद न संपणारी करता येते, आणि अगदी वाटल्यास पडण्याची भीतीही काढून टाकता येते.

आपल्या मुलाने त्यापैकी काय बदलले होते हे त्याला विचारा. सगळ्याच सवलती चालू ठेवून तो धावत शेवटापर्यंत गेला असेल तर मित्रांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, कारण मग बोटांनी फारसे काही केलेच नाही. वेग थोडा कमी करून प्रत्येक उडी त्याने स्वतः मारली असेल, तर तो डोंगर तोच चढला. मित्रांना अधिक काही ऐकवायचे असेल, तर या गेममध्ये वाटेवर ठेवलेल्या स्ट्रॉबेरी गोळा करण्याविषयी गेम स्वतःच काय सूचना देतो ते त्यांना वाचायला सांगावे. मित्रांवर छाप पडण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग नाही, अशी ती सूचना आहे.

आपण आई म्हणून एक दृश्य जरूर पाहावे. अधांतरी लटकलेल्या पाळण्यात मॅडलिनला घाबरल्यामुळे श्वास घेणे जड जाते, तेव्हा पडद्यावर एक पीस येते आणि बटण दाबत व सोडत ते हळूहळू तरंगत ठेवायचे असते. ते साधताना खेळणाऱ्याचा स्वतःचा श्वास नकळत त्या लयीत येतो. दहावीच्या वर्षात मुलगा गप्प असेल, तर गेमपेक्षा या दृश्याविषयी त्याच्याशी बोलणे अधिक सोपे जाईल.

प्रश्न : मी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ खेळतो. त्याला शेवटच नाही, मग आम्ही आपल्या सदरात लिहायचेच नाही काय? (महाविद्यालयीन विद्यार्थी, हजिरा)

उत्तर : लिहावे. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी आपला हा गेम आला, जुलै २०२२ मध्ये तोही अॅपच्या ऑनलाइन दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. म्हणजे ज्याला शेवट नाही असे आपण म्हणता, त्याचा शेवट आपण सक्तीने पाहिलेला आहे. त्या दहा महिन्यांत नेमके काय चुकल्यासारखे वाटत होते, बंदुका, नकाशा की रात्री हेडफोनवर ऐकू येणारे मित्रांचे आवाज, एवढेच लिहून पाठवा. आम्ही छापू.

प्रश्न : मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ हा गेम मी नुकताच पूर्ण केला, साठच्या साठ नोंदी बरोबर आल्या. ऑडिटच्या कामात कधी न मिळालेले समाधान मिळाले, परंतु आता हा गेम मला पुन्हा खेळता येणार नाही याचे वाईटही वाटते. दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे, गेम तीन-तीन उत्तरे एकदम का तपासतो? आणि दुसरे, कोणाचाही विरस न करता या गेमची शिफारस मित्रांना कशी करावी? (दौलतगंज)

उत्तर : हे पत्र वाचून आम्हांला हेवा वाटला, कारण हा गेम पहिल्यांदा खेळण्याचा अनुभव एकदाच मिळतो आणि तो आपण अगदी नुकता घेतला आहे. ज्यांनी गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : लुकस पोप यांनी जवळजवळ एकट्याने केलेला आणि २०१८ साली आलेला हा गेम आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे ‘ओब्रा दिन’ हे व्यापारी जहाज पूर्वेकडे निघते आणि १८०३ साली बेपत्ता होते. १८०७ मध्ये ते इंग्लंडच्या फॅल्मथ बंदराशी आपोआप येऊन लागते, आणि त्यावर जिवंत माणूस कोणीही दिसत नाही. कंपनीच्या विमा खात्याचा निरीक्षक म्हणून आपल्याला जहाजावर पाठवले जाते. हातात एक खिशातले घड्याळ असते. ते मृतदेहाजवळ उघडले की त्या माणसाच्या अखेरच्या क्षणांतले आवाज काळ्या पडद्यावर ऐकू येतात आणि मग तो क्षण जागच्या जागी गोठलेला दिसतो. त्यात फिरून, जहाजावरच्या साठ माणसांपैकी हा कोण, त्याचे काय झाले आणि ते कोणी केले, हे एका वहीत भरायचे असते.

आपला पहिला प्रश्न ऑडिटरलाच सुचावा असा आहे. एकेक उत्तर तपासले असते तर नावे बदलून बदलून ठोकताळ्याने कोणीही वही पूर्ण केली असती. तीन उत्तरे एकदम बरोबर आली तरच ती वहीत छापील अक्षरांत पक्की होतात, या नियमामुळे दोन पक्क्या उत्तरांबरोबर तिसरे अंदाजाचे लावून पाहण्याची थोडी मुभा राहते, पण सरसकट अंदाज चालत नाहीत. आपण लिहिता की, शेवटी शेवटी ती मुभाही आपण घेतली नाही. आम्ही ती बेधडक घेतली, आणि त्याबद्दल आम्हांला काही वाटत नाही. एखाद्या खलाशाचा चेहरा नीट न आठवता त्याचे नाव बरोबर निघावे, हाही या वहीचा एक आनंद आहे.

गेमचे दृश्यरूप जुन्या मॅकिंटॉश संगणकावरील चित्रांसारखे, फक्त दोन रंगांचे आणि ठिपक्यांचे आहे. पहिल्या तासात ते त्रासदायक वाटते. नंतर लक्षात येते की, रंगच नसल्यामुळे डोळे कपड्यांची ठेवण, माणूस कोणाच्या शेजारी उभा आहे, झोपण्याच्या झुल्यावरचा आकडा कोणता, अशा गोष्टींवर खिळतात, आणि माणसे ओळखण्याचा मार्ग त्यांतूनच जातो. खलाशी ज्या भाषेत आणि ज्या हेलाने बोलतात, तोही पुरावा असतो.

आता ग्वाल्हेरच्या वाचकासाठी एक गोष्ट, जिच्याने कोडे फुटत नाही. जहाजाच्या पटावर प्रत्येकाचा देश लिहिलेला आहे आणि त्यात हिंदुस्थानचे खलाशी, म्हणजे लास्कर, आहेत. त्यांतील दोघे प्रवासाच्या आरंभीच्या भागातच आजारपणाने दगावतात. ज्या १८०३ साली हे कल्पित जहाज नाहीसे होते, त्याच वर्षीच्या २३ सप्टेंबरला असईच्या रणात कंपनीच्या फौजेने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला, आणि वर्ष संपता संपता, ३० डिसेंबरला, सुर्जी अंजनगावचा तह झाला. दौलतरावांच्या छावणीवरून ज्या वस्तीला लष्कर हे नाव पडले, त्या वस्तीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने कंपनीचा विमा निरीक्षक होऊन लास्करांच्या मृत्यूची नोंद करावी, यात एक विचित्र गंमत आहे. वहीच्या अखेरीस कंपनी कोणाच्या वारसांना किती भरपाई द्यायची आणि कोणाला दंड करायचा याचा हिशेब मांडते. आपण लेखापाल म्हणून तो हिशेब बारकाईने वाचला असेलच. लास्करांच्या नावांपुढे आपला हात काही क्षण थांबला, असे आपण पत्राच्या समासात लिहिले आहे. ते वाक्य खरे म्हणजे पत्रात वर यायला हवे होते.

शिफारस कशी करावी, या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात आहे. प्रसंग सांगू नका, कोणाचा मृत्यू कसा झाला हे तर मुळीच सांगू नका. आपण कागद-पेन्सिल घेऊन झुल्यांचे आकडे पटाशी ताडून पाहत बसलात, एवढेच सांगा. ज्याला त्यात रस वाटेल तो आपोआप खेळेल, आणि ज्याला वाटणार नाही त्याचा पुढचा वेळ वाचेल. पुन्हा तसाच आनंद हवा असेल, तर याच लेखकाचा २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’ घ्यावा. त्यात सीमेवर बसून प्रवाशांचे कागद तपासायचे असतात, आणि लेखापालाला तो घरच्यासारखा वाटेल, किंबहुना थोडा अधिकच.

प्रश्न : यूट्यूबवर गेमचा शेवट पाहिला तर तो संपवला असे म्हणता येईल का? (शाळकरी वाचक, नया बाजार)

उत्तर : नाही, पण शेवट पाहिल्याने पाप लागत नाही.

प्रश्न : रुग्णालयातील रात्रपाळीतून घरी आल्यावर मी थोडाथोडा ‘गॉड ऑफ वॉर’ खेळत असे. २०१८ चा हा गेम मी आता कुठे संपवला. कित्येक महिने लागल्यामुळे सुरुवातीचे बरेच विसरून गेलो, आणि अखेरचा प्रसंग जितका हलवून सोडायला हवा होता तितका मला हलवू शकला नाही. दोष माझा की गेमचा? आणि वाल्किरी नावाच्या अवघड शत्रूंशी लढाया राहिल्या असताना गेम संपला असे म्हणावे काय? (डॉक्टर, लष्कर)

उत्तर : दोष कोणाचाच नाही. परंतु हा गेम तुकड्यातुकड्यांनी खेळणाऱ्याची कशी काळजी घेतो ते आपल्या नजरेतून सुटले असावे असे वाटते. क्रेटॉस आणि त्याचा मुलगा एट्रियस मृत आईची रक्षा सर्व लोकांतील, म्हणजे सर्व जगांतील, सर्वांत उंच शिखरावरून उधळायला निघतात, आणि सुरुवातीपासून अखेरपर्यंत कॅमेरा एकदाही तुटत नाही. असा गेम सलगच खेळावा असे कोणालाही वाटेल. पण त्यातील नावेचा प्रवास आठवा. क्रेटॉसच्या कमरेला लटकवलेले मिमीर या पात्राचे बोलणारे मस्तक वल्ही चालू असताना गोष्टी सांगत असते. आपण काठाला लागलो की ती मध्येच थांबते आणि पुन्हा नावेत बसलो की कोठे होतो आपण, असे म्हणत तेथूनच पुढे चालू होते. शिवाय गेममधील नोंदी एट्रियसच्या तोंडी लिहिलेल्या आहेत. महिनाभराच्या खंडानंतर खेळायला बसणाऱ्याने आधी त्या वाचाव्यात, म्हणजे काय घडले याबरोबर मुलाला ते कसे वाटले हेही कळते. आपण बहुधा त्या शस्त्रांच्या पानाकडे जाताना ओलांडून गेलात.

हलवून सोडण्याविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. अखेरचा प्रसंग आपल्याला फारसा भिडला नाही असे आपण म्हणता, आणि त्याच पत्रात पुढे लिहिता की, फेकलेली कुऱ्हाड बटण दाबताच हातात परत येते तेव्हा कंट्रोलरला बसणारा हिसका दवाखान्यात बसल्यावरही तळहातात जाणवत असे. त्याहून महत्त्वाचे असे की, पहिल्या काही बैठकांत एट्रियसकडून बाण सोडवून घेण्याचे आपण विसरत होता आणि अखेरीस त्याच्याशिवाय लढणे आपल्याला सुचेनासे झाले. बाप-लेकाच्या नात्यात जे घडायचे होते ते आपल्या अंगठ्यात घडून गेले होते. अखेरच्या प्रसंगासाठी मग फार काही उरले नसेल, तर त्यात आश्चर्य नाही.

वाल्किरी नऊ आहेत आणि त्यांची राणी सिग्रून ही आम्हांला ठाऊक असलेल्या अतिशय अवघड प्रतिस्पर्ध्यांपैकी एक आहे. त्या लढाया कथेच्या वाटेवर नाहीत, त्यामुळे गेम संपला असे आपण निःशंकपणे म्हणावे. रात्रपाळीनंतर सिग्रूनच्या वाटेला जाऊ नये, हा सल्ला वैद्यकीय नसला तरी अनुभवाचा आहे. पुढचा भाग, ‘रॅग्नारॉक’, २०२२ साली आला असून तो याच कथेच्या पुढे जातो. तो सुरू करण्यापूर्वी जुन्या सेव्हवर एकदा ‘लेक ऑफ नाइन’ या सरोवरात नाव घालावी आणि कोठेही न उतरता वल्हवत राहावे. मिमीरच्या काही गोष्टी आपल्या ऐकायच्या राहिल्या असतील.